स्टुलावर एकही ठिपका नाही

मॅडम,

आधी माझी तक्रार ऐकून घ्या, मग बाकीचं बोलू. गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस मी मिक्सरच्या वायसरची वाट बघत घरात अडकून पडले होते. भांड्याच्या तळाशी बसतं ते रबराचं वायसर, लहान मुलीच्या बांगडीएवढं. ते फाटल्यापासून आमच्याकडे कोथिंबिरीची चटणी भांड्यात कमी आणि ओट्यावर जास्त होते, आणि चटणी ओटाभर पसरलेल्या घरात विचारस्वातंत्र्य टिकत नाही असं माझं ठाम मत झालं आहे. मेनरोडला उभ्या उभ्या मिळालं असतं, पण मी आधुनिक झाले आणि फोनवरून मागवलं. फोनने नकाशा दाखवला आणि त्यावर एक निळा ठिपका: तुमचं पार्सल इथे आहे. मी तीन दिवस त्या ठिपक्याच्या सेवेत होते. तो द्वारकेच्या चौकात थांबला, मी दाराची कडी काढून ठेवली. तो पंचवटीकडे निघाला आणि मधेच गोदावरीच्या पात्रात तासभर उभा राहिला, पर्वणी नसताना. शेवटी मी त्या पार्सलवाल्याला फोन लावला. "दादा, तुम्ही नदीत आहात का?" तो म्हणाला, "नाही ओ मॅडम, मी नाशिकरोडला आहे." मी म्हटलं, "मग नकाशात नदीत कसे दिसता?" तो म्हणाला, "ते तसंच दाखवतं."

ते तसंच दाखवतं! मॅडम, हे वाक्य ऐकून मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. ठिपका म्हणजे माणूस नव्हे, हे तुम्ही मला सतराव्या वर्षी शिकवलं होतं. नुसतं शिकवलं नव्हतं, मी ते न शिकल्यामुळे एका माणसाची नोकरी जायची वेळ आली होती आणि तुम्हाला ते निस्तरावं लागलं होतं. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी याबद्दल बोलले नाही. तुम्ही होतात तेव्हा बोलले नाही, आणि तुम्ही गेल्यावर बोलायला अडचण काहीच उरली नव्हती तरी बोलले नाही. आता लिहिते आहे. हे पत्र टपालात पडणार नाही हे दोघींनाही माहीत आहे, त्यामुळे शुद्धलेखनाची काळजी करत नाही. तुम्ही तशीही केमिस्ट्रीच्या पेपरात माझं मराठी तपासायचात.

नव्वदच्या दशकाची सुरुवात, आमची बारावी. प्रयोगशाळेत सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, खिडक्यांना बाहेरून बोगनवेल, आणि फळ्यापाशी तुम्ही, खडूने पांढरा झालेला पदर तसाच खोचून उभ्या. पुस्तकात सगळं इंग्रजीत होतं आणि तुम्ही ते मराठीत सोलून द्यायच्या. त्या दिवशी तुम्ही फळ्यावर ψ काढलात, इलेक्ट्रॉनच्या लहरीचं चिन्ह. त्र्यंबकहून एसटीने येणारा एक मुलगा मागच्या बाकावर होता, त्याने त्या त्रिशुळाला हात जोडले. तुम्ही पाठमोऱ्याच म्हणालात, "जोड, जोड. याचा अर्थ काय ते कुणालाच धड सांगता येत नाही, तेव्हा नमस्कार करणं एवढंच आपल्या हातात आहे. याचा वर्ग केला की मात्र तो बोलायला लागतो." वर्ग केला की कळतं, इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती. ग्रहासारखा गोल गोल फिरणारा इलेक्ट्रॉन आम्ही दहावीपर्यंत जिवापाड जपला होता. तुम्ही तो डस्टरने पुसलात आणि म्हणालात, "हा रस्ता नाही. रस्ता कुणी पाहिलेला नाही. आपण फक्त शोधू शकतो आणि कुठे सापडला ते सांगू शकतो." मग पी ऑर्बिटल, म्हणजे तो सापडण्याच्या जागेचं चित्र, काढलंत, दोन फुगे एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून, आणि मधल्या प्रतलात शून्य. तिथे तो कधीच सापडत नाही. मी हात वर केला. तेव्हाही माझी जीभ हातापेक्षा लांब होती. "मॅडम, मधे कधीच नसतो तर या फुग्यातून त्या फुग्यात जातो कसा? उडी मारतो?" सगळे हसले. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "जातो असं तुला कोण म्हणालं?"

मी हात खाली घेतला. ही माझ्या आयुष्यातली दुर्मीळ घटना असल्यामुळे लक्षात आहे.

पुढचा घोटाळा पुस्तकातल्या चित्राने केला. हायड्रोजनचं ऑर्बिटल म्हणून त्यात ठिपक्यांचा ढग काढला होता, मधे दाट, कडेला विरळ. सहामाहीत आमच्यातल्या एकाने ते ठिपके मोजले आणि उत्तरपत्रिकेत प्रामाणिकपणे लिहिलं की हायड्रोजनमध्ये एकशे चाळीस इलेक्ट्रॉन असतात. तुम्ही ते उत्तर वर्गात वाचून दाखवलंत तेव्हा आम्ही हसलो, पण आमच्यातल्या निम्म्यांच्या मनात तेच होतं, फक्त मोजायचा कंटाळा केला होता. तुम्ही ते ओळखलंत. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या इमारतीचा आराखडा मोठ्या कागदावर काढून आणलात, प्रयोगशाळा, जिना, कॅन्टीन, सायकल स्टँड, ऑफिस, सगळं. मधोमध तराजूच्या खोलीबाहेरचं एक लाकडी स्टूल. ते मामांचं.

मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. पेठकडच्या डोंगरातले, बारीक अंगाचे, वयाचा अंदाज न येणारे. बाटल्या धुणं, बर्नर लावणं, फुटलेल्या नळ्यांची नोंद ठेवणं आणि फोडणाऱ्याचं नाव विसरणं ही त्यांची कामं. सात वर्षं नोकरी करूनही कागदोपत्री ते तात्पुरतेच होते. दोन मुली नाशकातल्या शाळेत. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव त्या वर्षी उपप्राचार्यांच्या टेबलावर पोचला होता. कायम झाले तर निवृत्तीपर्यंत निर्धास्त. नाही झाले तर मार्चनंतर पुन्हा पेठ, आणि पाऊस सरला की द्राक्षबागांत मजुरी, मुलींना मागे लावून. हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. मलाही.

तुम्ही वर्गासमोरच त्यांना विचारलंत, "मामा, महिनाभर तुम्हाला इलेक्ट्रॉन करू का?"

"करा की," मामा म्हणाले. "पर बाटल्या मीच धुयाच्या का इलेक्ट्रॉन झाल्यावर?"

"तुम्हीच."

"मंग काय फरक नाय."

नियम सोपा होता. ज्याला मामा हवे असतील त्याने त्यांना शोधायचं, आणि जिथे सापडतील तिथे नकाशावर एक ठिपका द्यायचा. वेळ लिहायची नाही, तारीख लिहायची नाही, नाव लिहायचं नाही. "आणि एक ध्यानात ठेवा," तुम्ही म्हणालात, "ठिपका म्हणजे मामा नव्हेत. तुम्ही शोधलं आणि ते तिथे सापडले, एवढंच." महिनाभरात नकाशा भरला. कॅन्टीनपाशी दाट ढग, सायकल स्टँडपाशी दुसरा, नळाजवळ, भांडारात, फाटकाशी थोडे थोडे. मजा अशी की मधे, स्टुलावर, एकही ठिपका नव्हता. आम्ही खूश. पी ऑर्बिटल झालं म्हणून नाचलो. त्याच दिवशी तुमची नेमणूक परीक्षेच्या कामावर झाली, तुम्ही आठवडाभर पुण्याला गेलात, आणि नकाशा गुंडाळून माझ्याकडे दिलात, कारण माझं अक्षर बरं होतं आणि भित्तिपत्रकाची किल्ली माझ्याकडे असायची.

आता ती गोष्ट लिहिते जी मी आजवर कुणालाही सांगितली नाही. जिन्याजवळच्या काचेच्या फळ्यात मी तो नकाशा रंगीत पेनांनी पुन्हा काढून लावला. त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: "आमच्या प्रयोगशाळेतील इलेक्ट्रॉन. स्वतःच्या स्टुलावर सापडण्याची शक्यता शून्य. गरजूंनी कॅन्टीनमध्ये चौकशी करावी." नाव घातलं नाही. मधल्या सुट्टीत जिन्यावर गर्दी झाली. माझं वाक्य अनोळखी मुलं मोठ्याने वाचत होती आणि हसत होती. मॅडम, पुढे मी तीस वर्षं लिहून हसवण्याच्या याच धंद्यात काढली, पण ते पहिलं हसू मला अजून ऐकू येतं आणि तेवढं गोड पुन्हा कुठलंच लागलं नाही. मामासुद्धा येऊन बघून गेले. "लय भारी काढलंय ताई," म्हणाले. "कॅन्टीन तं राजवाड्यावानी दिसून राहिलं." आणि हे पण लिहिते, कारण हे न लिहिता बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही: वाक्य लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. मला जेव्हा जेव्हा मामा लागले होते तेव्हा बहुतेक वेळा ते त्या स्टुलावरच बसलेले होते. पण खरं वाक्य हसू आणत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काच उघडी होती आणि नकाशा नव्हता. उपप्राचार्यांनी तो उतरवून नेला होता. नवीनच आले होते ते, आणि कागदावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. मामांना लेखी खुलासा मागितला: कामाच्या जागी सतत अनुपस्थित राहता असे विद्यार्थ्यांनी केलेल्या वैज्ञानिक निरीक्षणातून दिसून येते. आमच्या कॉलेजच्या इतिहासात कुणाच्या निरीक्षणाला वैज्ञानिक म्हटलं गेल्याची ती पहिलीच वेळ असावी. कायम करण्याचा प्रस्ताव बाजूला पडला. मामा तो कागद घेऊन प्रयोगशाळेत आले आणि आम्हा मुलींसमोर धरून म्हणाले, "ह्ये वाचा ओ कुणी. मला वाचता येतं, पर मन घेत नाय." एकीने वाचला. मामांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "मी स्टुलावर असलो तं तुमी शोधताल कशाला? नुसता हात केला का मी उठतोच ना. नसलो तं शोधायचं." आणि बाटल्या धुवायला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. आमच्याकडे पाठ करून एकेक बाटली उजेडात धरून बघत होते.

तुम्ही पुण्याहून परत आलात त्या संध्याकाळी मला घरी बोलावलंत. पंचवटीत बाजाराच्या मागच्या बोळात तुमचं घर, खाली भाजीवाल्यांची ओरड, वर तुमचं स्वयंपाकघर. मी येऊन उभी राहते आहे, हात मागे बांधून, आणि तुम्ही माझ्यापुढे मेथीची जुडी टाकता. "निवड." मी खाली बसून मेथी निवडते. तुम्ही पोळ्या लाटता आहात. दोन पोळ्या होतात.

"वाक्य चांगलं आहे," तुम्ही तव्याकडे बघत म्हणता. "तेच वाईट झालं. वाईट असतं तर कुणी वाचलं नसतं."

मी पानं खुडते.

"ज्याने कुणी लिहिलं असेल त्याला हे कळत असेल ना, की वाक्य काचेत लावलं की ते आपलं राहत नाही? ते वाचणाऱ्याचं होतं. आणि वाचणारे सगळे हसणारेच असतात असं नाही, काही सही करणारे असतात."

"हो," मी म्हणते.

"तुला काही सांगायचं आहे?"

मॅडम, तुम्ही मला वेळ दिलात. पोळी उलटलीत, पुन्हा उलटलीत. त्या दोन उलटण्यांच्या मधे मी "मी लिहिलं" एवढे दोन शब्द बोलले असते तर हे पत्र झालं नसतं. मी म्हणाले, "नाही." आणि मग, ते 'नाही' झाकायला असेल, घाईघाईने दुसरंच बोलले. "मॅडम, पण तो नकाशाच चुकलाय. स्टुलावर असताना आम्ही ठिपका दिलाच नाही. मामा म्हणाले, असलो तर शोधताल कशाला. आम्ही शोधलंच फक्त नसताना. मग सापडणार कसे तिथे?"

तुमचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी फुगली, तिला डाग पडले, काळी झाली, धूर आला. तुम्ही ती उचलली नाहीत. "अगं," तुम्ही म्हणालात, "नियमच मी चुकीचा दिला." आणि मग तुम्ही हसायला लागलात, पदर तोंडाला लावून, आणि करपलेली पोळी खिडकीतून खाली गाईला टाकलीत. इतकं मोठं ओझं उतरताना मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. चूक स्वतःची निघाली म्हणून आनंदणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही, संपादकांत तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम. गरज असो नसो, तासाची घंटा झाली की ज्याची पाळी असेल त्याने मामा कुठे आहेत ते बघायचं आणि ठिपका द्यायचा. हाक मारायची नाही. सहा दिवस. मामांना सांगितलं होतं का? सांगितलं होतं, तुम्ही लपवाछपवी करणाऱ्यांतल्या नव्हता. तुम्ही त्यांना म्हणालात, "मामा, मुद्दाम स्टुलावर बसून राहू नका हं, नेहमीसारखं वागा." ते म्हणाले, "नेहमीसारखंच वागतो मॅडम, मला दुसरं येतंय कुठं." आणि खरंच तसेच वागले. सहाव्या दिवशी स्टुलावर ठिपक्यांवर ठिपके पडून कागदाला भोक पडायची वेळ आली होती. कॅन्टीनमध्ये तीनच. तुम्ही नकाशा गुंडाळलात, माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "चल, तूच धर."

उपप्राचार्यांच्या खोलीत मी दाराशी उभी होते, आणि तुम्ही दोन्ही नकाशे टेबलावर पसरून बोलत होता. तुम्ही ऑर्बिटलचं नावसुद्धा घेतलं नाहीत. म्हणालात, "सर, पहिल्या नकाशात मुलांनी फक्त गैरहजेरी शोधली, म्हणून गैरहजेरीच सापडली. दुसऱ्यात दर घंटेला पाहिलं. प्रश्न बदलला की चित्र बदलतं." त्यांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. "हे काय? माझ्या दालनासमोरच्या व्हरांड्यात एकही ठिपका नाही. ना पहिल्यात, ना दुसऱ्यात. प्रयोगशाळेत सापडतात, फाटकाशी सापडतात, मधे कधीच नाहीत. मग हा माणूस इथून तिथे जातो कसा?"

तुम्ही अतिशय आदराने म्हणालात, "सर, हा प्रश्न बारावीतली मुलंसुद्धा विचारतात."

मामा कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "मागून जातो साहेब. सायकल स्टँडावरून."

"का?"

मामांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. "तुमी बोलावून घेता ना साहेब. पान आण, टपाल टाक. मंग पोरांच्या बाटल्या राहत्यात."

उपप्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि मग, काय वाटलं त्यांना देव जाणे, ते हसले. व्हरांड्यात आल्यावर तुम्ही मला हळूच म्हणालात, "इथे मात्र इलेक्ट्रॉन आणि मामा वेगळे होतात बरं का. इलेक्ट्रॉनला सायकल स्टँड नसतो. परीक्षेत लिहू नकोस." मार्चअखेर मामा कायम झाले. पेढे वाटले त्यांनी, प्रत्येकाच्या हातावर स्वतः ठेवून. मी माझा पेढा रुमालात बांधून घरी नेला, खाल्ला नाही, शेवटी त्याला मुंग्या लागल्या.

निकालानंतर मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही मला एक खोडरबर दिलंत. "पेन तुला कुणीही देईल," म्हणालात. ते मी फारसं वापरलं नाही हे माझं लेखन वाचणारे कुणीही सांगतील. तुम्हीही वाचत होता म्हणे. तुमच्या मैत्रिणीने मला नंतर सांगितलं, की माझं सदर आलं की तुम्ही आधी शेवटचं वाक्य वाचायचात, कुणाला लागलंय का ते बघायला, आणि मग पहिल्यापासून.

तुम्ही गेलात, कुंभमेळा झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. मी परगावी होते, तिसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी मामा निवृत्त झाले आणि कॉलेजने निरोप समारंभाला मला बोलावलं, 'माजी विद्यार्थिनी व प्रसिद्ध लेखिका' म्हणून. मामा नव्या पांढऱ्या टोपीत, दोन्ही मुली साड्यांत, धाकटी कळवणला शिक्षिका झालेली. भाषणं झाल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं आणि पिशवीतून एक झेरॉक्स काढली. पेन्शनच्या कागदांसाठी त्यांची फाईल उघडली होती, त्यातलं एक पान त्यांनी माझ्यासाठी काढून आणलं होतं. "मॅडमचं अक्षर हाय. तुमाला आवडंल म्हणून आणलं." तुमचंच अक्षर. "भित्तिपत्रकातील सदर मजकूर माझ्या सूचनेवरून लिहिला गेला असून त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही." खाली वेगळ्या शाईत शेरा: संबंधित शिक्षिकेस ताकीद देण्यात यावी, यापुढे कर्मचाऱ्यांचा उपहास करणारे लेखन करू नये.

मॅडम, उपहासात्मक लेखनाबद्दल मला नंतर पुष्कळ शेरे मिळाले. पण माझ्या लेखनावरचा पहिला लेखी अभिप्राय तुमच्या नावावर जमा आहे, आणि तो तुम्ही मला कधी दाखवला नाहीत.

मी मामांना तिथेच सांगितलं. "मामा, ते वाक्य माझं होतं." त्यांनी आठवून पाहिलं. "कोणतं वाक्य?" मी ते म्हणून दाखवलं. त्यांना आठवेना. "ठिपके आठवत्यात," ते म्हणाले. "ठिपक्यांपायी तं फाईल वर आली, नायतर कोण काढणार होतं ती? लय उपकार झाले पोरांचे." मी, प्रसिद्ध लेखिका, तिथे उभी, आणि माझं पहिलं वाक्य ज्याच्यावर लिहिलं होतं त्याच्याच लक्षात नव्हतं. थोडा अपमान वाटला हे कबूल करते. पण त्या अपमानाखालून जे वर आलं ते इतकं हलकं होतं, की मी पायऱ्यांवर बसून त्यांच्या धाकटीबरोबर दोन वाट्या आमटी आणि नंतर आइस्क्रीमही खाल्लं. त्या माणसाचं काही गेलं नाही. गेलं ते तुमचं, एका ओळीपुरतं, आणि ते तिथे फाईलमध्ये राहिलं. मी घरी आले आणि पुढे कित्येक वर्षं काही केलं नाही. तोवर मी दुसऱ्यांच्या चुकांवर लिहून पोट भरत होते, स्वतःच्या चुकीसाठी जागा उरत नव्हती.

म्हणून परवा, वायसरचा नाद सोडून, मी कॉलेजात गेले. साध्या कागदावर अर्ज लिहून नेला होता: अमुक वर्षीच्या फाईलमधील तो मजकूर शिक्षिकेच्या सूचनेवरून लिहिलेला नसून खाली सही करणारीने स्वतः, न विचारता लिहिला, तरी तशी नोंद घेऊन शिक्षिकेवरील शेरा दुरुस्त करावा. खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती, संगणकासमोर.

"काकू, विषय काय टाकू?"

"चूक दुरुस्ती."

"नावात चूक आहे का जन्मतारखेत?"

"माझ्यात आहे," मी म्हटलं.

तिने अर्ज हातात घेतला आणि वाचला. मग पुन्हा वाचला. "ह्या मॅडम आता आहेत का?"

"नाहीत."

"आणि ते मामा?"

"आहेत. पेठला. परवाच बोलले फोनवर. गुडघे दुखतात म्हणाले, बाकी बरं आहे."

"मग आता हे दुरुस्त करून..." ती थांबली. चांगली मुलगी होती, वाक्य अर्धं सोडायची अक्कल तिला त्या वयात होती, मला नव्हती. तिने फाईल क्रमांकाची जागा मोकळी ठेवली, आवक नोंदवही ओढली, आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "एवढ्या वर्षांनी अर्ज आला की विलंबाचं कारण लिहावं लागतं. इथे. एका ओळीत बसेल असं."

मी वाक्यांची कामगार आहे मॅडम, मला त्या एका ओळीत बसणारी चार चांगली कारणं एकदम सुचली. त्यातल्या एकावर तर तीही हसली असती. मी लिहिलं, "घाबरले होते."

तिने ते वाचलं आणि शिक्का मारला.